नळीवर तारीख नव्हती

९ जानेवारी

दादा,

हे पत्र तू फोडणार नाहीस असं धरूनच लिहायला बसलेय. त्यामुळे एक बरं झालं, शब्द तोलत बसायला नको.

गेल्या महिन्यात तुला आरोग्य केंद्रातून तीन फोन आले. पहिले दोन माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी केले. त्यांना तू "राँग नंबर" म्हणालास. नाव तुझं, पत्ता तुझा आणि म्हणे राँग नंबर! तिसरा मी केला. "नमस्कार, आरोग्य केंद्रातून बोलतेय" एवढंच बोलले आणि तू आवाज ओळखलास. ओळखलास हे मला कळलं, कारण फोन ठेवण्याआधी तू मोठा श्वास घेतलास. लहानपणी माझ्यावर ओरडायच्या आधी घ्यायचास तसा. मग ओरडलाही नाहीस. ठेवून दिलास.

हो, मी आता तिथे काम करते. छापखाना बंद पडला, हे तुला कोणी सांगितलं असेल किंवा नसेल. एका लांबट खोलीत आठ टेबलं, आठ फोन, आणि एकच खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या ज्या लोकांना घरपोच तपासणीचं पाकीट गेलंय आणि ज्यांनी ते परत पाठवलेलं नाही, त्यांची यादी माझ्यापुढे असते. तू त्यात एकेचाळिसावा. नावापुढे लिहिलंय, 'सर्वसाधारण धोका'. वाचून मला हसू आलं. तुला सर्वसाधारण म्हणायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती.

पाकीट तू कुठेतरी फेकून दिलं असशील, म्हणून सांगते. आत एक बोटाएवढी नळी असते, झाकणाला काडी असते. शौचाला गेलास की काडी चार ठिकाणी टोचायची, नळीत घालायची, झाकण घट्ट लावायचं, वर तारीख लिहायची आणि पाकीट परत पाठवायचं. सुई नाही, उपाशी राहणं नाही, कुणापुढे कपडे काढणं नाही. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात आहे का, ते प्रयोगशाळेत बघतात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा आतड्याच्या आत फुटलेल्या एका छोट्या कोंबापासून सुरू होतो, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात, आणि वर्षानुवर्षं माणसाला पत्ता लागू देत नाही. कोंब असतानाच सापडला तर काढून टाकता येतो.

"पण मला काही त्रासच नाही." हे वाक्य मी दिवसातून तीस वेळा ऐकते. त्रास नाही तेव्हाच करायची असते हो, त्रास व्हायला लागल्यावर ती तपासणी राहत नाही, धावपळ होते! असं ओरडावंसं वाटतं. ओरडता येत नाही. "बरोबर आहे आपलं, तरीही विनंती आहे" असं म्हणायचं असतं. दुसरं वाक्य, "आमच्या घराण्यात कोणालाच नाही." तेही तू म्हणशील. खरं आहे, आपल्याकडे कोणालाच नाही. ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकांच्या घराण्यात कोणालाच नसतो.

वहिनी अजून माझ्याकडेच राहते, मागच्या खोलीत. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करते, चारला घरी येते. तिने सांगितलं म्हणून मी लिहितेय, असं समजू नकोस. तिला हे पत्र दाखवलेलंसुद्धा नाही.

सोबत नवं पाकीट घातलंय.

बारकी


२ फेब्रुवारी

दादा,

परत आलं. न फोडता. वर तुझ्या त्या ठसठशीत अक्षरात 'पाठवणाऱ्याकडे परत'. खाली दोन रेघा.

म्हणून या पाकिटावर मी माझं नाव लिहिलेलं नाही. 'तक्रार : लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते' असं लिहून, आत तपासणीचं पाकीट पुन्हा घालून, तुझ्या कंपनीच्या तक्रारपेटीत टाकणार आहे. तक्रार न वाचता बाजूला ठेवणं तुझ्या रक्तात नाही. वाचतो आहेस ना आत्ता? संतापला असशील. संताप, पण पुढे वाच.

छत्तीस वर्षं तू लिफ्टची देखभाल करतोस. चांगली चालणारी लिफ्ट दर महिन्याला बंद पाडतोस, दोर बघतोस, ब्रेक बघतोस. लोक वैतागतात, जिन्याने चढतात, तुला शिव्या देतात. तू म्हणतोस, बंद पडल्यावर यायला मी काय अग्निशमन दलात आहे? हे तुझंच वाक्य, जेवताना शंभरदा ऐकलेलं. मग स्वतःची पाळी आली की कुठे जातं ते शहाणपण?

आमच्या मोठ्या सिस्टरनी काल मला आत बोलावलं. टेबलावर तुझं परत आलेलं पाकीट. म्हणाल्या, "यादीतल्या लोकांना खाजगी पत्रं पाठवायची नाहीत."

"भाऊ आहे माझा."

"मग घरी जाऊन सांगा."

"बोलत नाही तो माझ्याशी."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "किती दिवस?"

"तीन वर्षं."

त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "केंद्राची पाकिटं वापरू नका."

एवढी वर्षं लोटल्यावर मला स्वतःलाच सांगताना विचित्र वाटतं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. वहिनी एक बॅग घेऊन माझ्या दारात आली, मी दार उघडलं. माझा गुन्हा एवढाच. तिला तुझ्या घरात कुणी मारत नव्हतं, हे मला माहीत आहे. तू फक्त बोलायचा नाहीस. मीठ कमी पडलं, आठ दिवस अबोला. तिने बहिणीकडे दोन दिवस जास्त काढले, महिनाभर अबोला. अठ्ठावीस वर्षांत ते किती महिने होतात, याचा विचार कर. भिंतीशी बोलून बोलून माणूस थकतं रे.

या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईंनी फोनवर मलाच उलट विचारलं, "तू केलीस का गं ही तपासणी?" मी म्हटलं, हो, केली की. "मग मीही करते," म्हणाल्या.

तुझ्यापेक्षा ती परकी बाई बरी.

बारकी


२४ फेब्रुवारी

दादा,

तू पाठवलीस! यादीत तुझ्या नावापुढे 'नमुना मिळाला' दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. शेजारच्या बाईंना वाटलं मला काही चावलं.

आणि त्याखाली, 'नमुना रद्द. नळीवर तारीख नाही.'

दादा! कपाटातल्या प्रत्येक औषधाच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिणारा माणूस तू. एक तारीख! जुना झालेला नमुना भरवशाचा नसतो, म्हणून कधी घेतला ते कळावं लागतं. प्रयोगशाळेवाल्यांनी तो फेकून दिला. शेजारच्या बाईंनी तुला फोन करून सांगितलं, नवं पाकीट पाठवतो. तू काय म्हणालास? "एकदा दिलाय. सारखा सारखा काय द्यायचा, तुमच्याकडे काय प्रदर्शन आहे?" त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही. इतक्या लांब येऊन तू पुन्हा मागे फिरलास.

मी चिडून घरी गेले. वहिनी भाजी निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं, तुझी टरसुद्धा उडवली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी कधी केलीस?"

दादा, मी केलेली नाही. म्हणजे नव्हती. त्रेपन्न वर्षांची झाले, पाकीट येऊन दीड वर्ष झालं. बाथरूमच्या फळीवर टॉवेलांच्या मागे पडलं होतं. त्या म्हाताऱ्या बाईंना मी खोटं सांगितलं. दिवसभर दीडशे लोकांना जे समजावते ते मला स्वतःला नको होतं. का, ते विचारू नकोस. वेळ नव्हता असं म्हणाले असते, पण दोन मिनिटं लागतात हे मीच सगळ्यांना सांगते. घाण वाटत होती. आणि भीती. न बघितलेलं बरं, अशी.

पाकिटाची मुदत संपली होती. दुसऱ्या दिवशी केंद्रातून नवं आणलं आणि परवा सकाळी केलं. तारीख लिहिली, दोनदा.

तुझं नवं पाकीट पुन्हा तक्रारपेटीतूनच येतंय. यावेळी तक्रार अशी, की लिफ्टचं दार उघडत नाही.

बारकी


२८ मार्च

दादा,

चार दिवस पत्र लिहायचं टाळलं. आता सांगते.

माझ्या नमुन्यात रक्त निघालं.

घाबरायचं नसतं, हे वाक्य मला पाठ आहे. 'अशा बहुतेक लोकांना कॅन्सर नसतो, मूळव्याध किंवा कोंब असू शकतो, पण दुर्बिणीने बघणं जरुरीचं आहे.' हे मी लोकांना सांगते तेव्हा माझा आवाज छान स्थिर असतो. मोठ्या सिस्टरनी तेच वाक्य मला सांगितलं तेव्हा मला एकही शब्द ऐकू आला नाही.

तारीख मिळायला तीन आठवडे. तीन आठवडे, दादा! लोकांच्या मागे लागून लागून आम्ही नमुने मागवतो आणि पुढे दुर्बीण असलेले डॉक्टर दोनच. मी फोन करून भांडले. ज्या बाईंशी भांडले त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याच केंद्राने एवढे लोक पाठवलेत."

आदल्या दिवशी दुपारपासून फक्त पातळ. संध्याकाळी आणि सकाळी लिंबाच्या वासाचं खारट औषध, प्यायलं की पळायचं. वहिनीने दाराबाहेर स्टूल टाकला आणि पेपरातलं शब्दकोडं मोठ्याने वाचत बसली. "उभे चार, तीन अक्षरं, 'संताप'." मी आतून ओरडले, "दादा!" तिने म्हटलं, "तीन अक्षरं म्हटलं मी." आम्ही दोघी हसलो. असं तुझ्यावर हसलेलं तुला आवडणार नाही, तरी सांगते.

सोबत माणूस असल्याशिवाय ते सुरूच करत नाहीत, गुंगीचं औषध असतं म्हणून. वहिनी आली. मला काही दुखलं नाही. जाग आली तेव्हा डॉक्टर तिच्याशी बोलत होते आणि तिने माझा पाय पांघरुणावरून घट्ट धरला होता. त्यावरूनच कळलं.

दोन कोंब काढले. तिसरा कोंब नव्हता, गाठ होती. तुकडा तपासायला गेलाय.

तुझी दुसरी नळी अजून आलेली नाही.

बारकी


५ एप्रिल

दादा,

कॅन्सर आहे.

लवकर सापडलाय, असं सगळे म्हणतात. आतड्याचा तेवढा भाग काढायचा, दोन टोकं जोडायची. शस्त्रक्रिया चोवीस तारखेला. मला एका दिवसापुरतंही पोट दुखलं नव्हतं. रक्त दिसलं नव्हतं, वजन उतरलं नव्हतं. मागच्या महिन्यात मी चार मजले जिना चढले, कारण आमची लिफ्ट कोणीतरी देखभालीसाठी बंद केली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "सख्खी भावंडं?"

"एक भाऊ. एकोणसाठचा."

"त्यांना सांगा. त्यांचा धोका आता सर्वसाधारण धरता येणार नाही. नळी पुरायची नाही, सरळ दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला सांगा."

म्हणजे, दादा, आता आपल्या घराण्यात आहे. मी आहे. तो तुझा मुद्दा माझ्यामुळे निकालात निघाला.

केंद्रात जाऊन मी माझ्या हाताने यादीतून तुझं नाव काढलं. तू आता फोन करायच्या लोकांत नाहीस, वेगळ्या कागदावर आहेस. त्या कागदावरच्या लोकांना डॉक्टरांचं पत्र जातं. मी काही पाठवू शकत नाही, विनवू शकत नाही. माझ्या हातातलं संपलं.

मला खूप राग आलाय. तुझा, माझा, टॉवेलांमागच्या त्या दीड वर्षाचा. त्या दीड वर्षात ती गाठ कदाचित कोंब असेल. कदाचित नसेल. हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि मला तेच सहन होत नाही.

तुला मी बरोबर यायला सांगत नाही. फक्त तुझी तपासणी करून घे. माझ्यावरचा राग तसाच ठेव हवा तर, पण करून घे.

बारकी


१६ मे

दादा,

शस्त्रक्रिया झाली. नऊ दिवस रुग्णालयात होते. तू आला नाहीस.

भेटायच्या वेळी दार उघडलं की मी बघायचे. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंकडे सहा-सात माणसं यायची, खुर्च्या कमी पडायच्या, म्हणून माझ्या खाटेजवळची खुर्ची उचलून न्यायची. दोनदा मी म्हटलं, "नका नेऊ, येणार आहे कुणीतरी." तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

काढलेल्या भागाचा अहवाल चांगला आहे. आजूबाजूच्या ग्रंथींत काही पसरलेलं नाही, पुढे औषधोपचार नको म्हणाले. फक्त ठरावीक दिवसांनी तपासत राहायचं. उठताना ओढ बसते, शिंक आली की जीव जातो. बाकी ठीक.

हे पत्र साध्या टपालाने पाठवतेय. तक्रारपेटीपर्यंत चालवत नाही. परत करायचं तर कर.

बारकी


१२ जून

दादा,

पत्र परत आलं नाही. ते का, हे मला काल कळलं.

काल संध्याकाळी वहिनी उशिरा घरी आली. चारला येणारी बाई साडेसहाला आली. मी विचारलं, शाळेत काय होतं? तिने चप्पल काढली, हातपाय धुतले, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुझ्या भावाला घरी सोडून आले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

मग तिने सगळं सांगितलं. तू दुर्बिणीच्या तपासणीची वेळ घेतलीस, कुणाला न सांगता. ते खारट औषध एकट्याने प्यायलास. सकाळी जाऊन बसलास आणि सोबत कोण आहे विचारल्यावर म्हणालास, "कोणी नाही, मी रिक्षाने जाईन." त्यांनी चक्क नाही म्हटलं. तू भांडलास. मी तिथे असते तर तुझं भांडण ऐकायला आवडलं असतं मला. शेवटी त्यांनी सांगितलं, माणूस बोलवा नाहीतर घरी जा, पुन्हा औषध प्या, पुन्हा तीन आठवडे. तेव्हा तू वहिनीला फोन केलास.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, 'मी बोलतोय.' मी म्हटलं, 'कळलं.' मग म्हणाला, 'इथे माणूस लागतं म्हणे.'"

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आली.

तुझे दोन कोंब काढले, त्यातला एक बऱ्यापैकी मोठा होता. कॅन्सर नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी काही वर्षं तसाच राहिला असता तर सांगता येत नव्हतं. तीन वर्षांनी पुन्हा बघायचं. हे तुला त्यांनी सांगितलंय, पण तुला आठवणार नाही, म्हणून वहिनीने कागद तुझ्या फ्रिजवर लावलाय. बघितला असशील.

मी ऐकून रडले, मग चिडले. मला का नाही कळवलंस? मी पाच महिने घसा फोडतेय, आणि तू जाऊन येतोस, आणि मला ते तिसरीकडून कळतं! वहिनी म्हणाली, "चिडायचं तर चीड, पण पुढचं ऐकून घे."

रिक्षात तू बोलत होतास म्हणे. गुंगी पुरती उतरली नव्हती. घर येईपर्यंत एकच प्रश्न. "बारकी बरी आहे का?" वहिनीने सांगितलं, बरी आहे, अहवाल चांगला आला. तू म्हणालास, "बरं झालं." डोळे पुसलेस. सिग्नल सुटायच्या आत पुन्हा विचारलंस, "बारकी बरी आहे का?" जणू पहिल्यांदाच. तिने पुन्हा सांगितलं, तू पुन्हा डोळे पुसलेस. तिने मोजलं नाही, पण दहा-बारा वेळा तरी. शेवटी रिक्षावालाच मागे वळून म्हणाला, "काका, बरी आहे हो ती."

वहिनी परत येणार नाही, दादा. तिने तुला घरात नेऊन बसवलं, पाणी दिलं, कागद लावला आणि निघाली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला इथे बरं आहे." तू काही आशा धरली असशील तर माझ्याकडून आधीच ऐकलेलं बरं. पण पुन्हा माणूस लागलं तर येईन म्हणालीय, असा निरोप आहे.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुला ते दहा-बारा वेळा मिळालंय, आणि त्यातलं एकही तुझ्या लक्षात राहिलेलं नाही, म्हणून लेखी देतेय. मी बरी आहे. काल गच्चीपर्यंत चढले. शिंकले तरी आता दुखत नाही.

पुढच्या वेळी शुद्धीत असताना विचार. माझा नंबर तोच आहे.

बारकी